पत्रिकेतला एकटा ग्रह: योगविरहित ग्रह कसा ओळखायचा आणि कसा वाचायचा

पत्रिकेत एखादा ग्रह कुणाशीच अंशात्मक योग (ठरावीक अंशांच्या अंतराचा संबंध) करत नाही असं दिसलं की पटकन एक निष्कर्ष काढला जातो: ग्रह निर्बळ आहे, याची फळं मिळायची नाहीत. हा निष्कर्ष चुकीचा आहे. ग्रहाचं बळ राशीवरून, भावावरून (पत्रिकेतल्या घरावरून), गतीवरून ठरतं. योगांवरून कळतं ते एवढंच, की त्या ग्रहाचं काम बाकीच्या ग्रहांच्या कामात कितपत मिसळतं. योग नसलेला मंगळ हा निर्भेळ मंगळ असतो. शनी त्याला आवर घालत नाही, गुरू दिशा देत नाही, बुध त्याला बोलण्याआधी थांबवत नाही. म्हणून असा ग्रह वाचताना ‘बळ किती’ हा प्रश्न वेगळा ठेवायचा आणि विचारायचं ते हे: हा ग्रह जागा केव्हा होतो, आणि जागा झाल्यावर त्याला कोण अडवतं?

पण वाचनाच्या आधी मोजणी. योगविरहित म्हणून दाखवले जाणारे कितीतरी ग्रह नीट मोजल्यावर योगविरहित राहत नाहीत, आणि मग त्यांच्यावर लिहिलेलं सगळं भाकीत वाया जातं.

आधी नियम ठरवा, मग पत्रिका उघडा

इथे योग म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीतले मुख्य पाच: युती (० अंश), लाभयोग (६०), केंद्रयोग (९०), नवपंचम (१२०) आणि प्रतियोग (१८०). यातले शेवटचे चार टॉलेमीने दुसऱ्या शतकात राशींच्या परस्परसंबंधांवरून मांडले आहेत. युती त्यांच्यासोबत धरली जाते. ७२, १३५, १४४ अंशांचे योग केप्लरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जोडले. ३०, ४५ आणि १५० अंशांचे योगही बरेच जण पाहतात. हे सगळे गौण योग पहिल्या फेरीत धरायचे नाहीत. धरले तर जवळजवळ कोणताच ग्रह एकटा उरत नाही आणि ‘योगविरहित’ या वर्गाला अर्थच राहत नाही.

दीप्तांश म्हणजे अचूक अंतरापासून योगाला चालणारा फरक. त्यांचं कोष्टक स्वतःसाठी एकदा ठरवून टाका. आम्ही या कामासाठी असं धरतो:

- युती आणि प्रतियोग: ८ अंश
- केंद्रयोग आणि नवपंचम: ६ अंश
- लाभयोग: ४ अंश

रवि-चंद्रासाठी काही जण यात एक-दोन अंश वाढवतात. वाढवायचे असतील तर प्रत्येक पत्रिकेत वाढवा. आकडे थोडे कमी-जास्त झाले तरी चालतील, पण एका पत्रिकेत लाभयोगाला ४ आणि दुसरीत ६ असं झालं की मोजणी कामातून गेली. ग्रह एकटा ठरावा असं मनात असेल तर दीप्तांश आपोआप आवळले जातात, नसेल तर सैल होतात. म्हणून कोष्टक कागदावर हवं.

मोजायचे दहाच: रवि, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी, हर्षल, नेपच्यून, प्लुटो. राहू-केतू हे चंद्राच्या आणि सूर्याच्या मार्गांचे छेदनबिंदू आहेत, त्यांच्याशी झालेला योग ग्रहाचं एकटेपण मोडत नाही. शिरॉन, भाग्यबिंदू आणि लघुग्रह यांचंही तेच. सॉफ्टवेअर मात्र या सगळ्यांना रेषा काढून देतं, आणि चक्राच्या मधलं जाळं पाहून ग्रह एकटा नाही असं वाटतं. सेटिंगमध्ये जाऊन या बिंदूंच्या रेषा आधी बंद करा आणि दीप्तांश आपल्या कोष्टकाप्रमाणे भरा. सॉफ्टवेअरचे मूळ दीप्तांश कधीकधी १० अंशांपर्यंत असतात.

लग्नबिंदू (जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा अंश) आणि दशमबिंदू (त्या वेळी मध्यान्हवृत्तावर असलेला अंश) यांचं थोडं वेगळं आहे. लग्नाशी युती केलेला ग्रह बाकी ग्रहांशी योग करत नसेल तर तो योगविरहितच, पण तो माणसाच्या चेहऱ्यावर, बोलण्यात, पहिल्या भेटीतच दिसतो. त्याची नोंद वेगळी करून ठेवा, वाचताना ती लागते.

अंतर मोजण्याची रीत

प्रत्येक ग्रहाचे राशी-अंश शून्य मेषापासूनच्या सलग अंशांत बदला. मेषेला ०, वृषभेला ३०, मिथुनेला ६० असं दर राशीला ३० वाढवत मीनेला ३३०. त्यात राशीतले अंश मिळवा. दोन ग्रहांची वजाबाकी करा. उत्तर १८० पेक्षा जास्त आलं तर ते ३६० मधून वजा करा. आलेलं अंतर ०, ६०, ९०, १२०, १८० यांपैकी कशाच्या जवळ आहे आणि दीप्तांशात बसतं का, ते पाहा. दहा ग्रहांच्या ४५ जोड्या होतात. एका ग्रहापुरतं पाहायचं तर नऊच.

मोजणी झटपट करायची असेल तर राशी विसरून फक्त राशीतले अंश चढत्या क्रमाने लिहा. ज्यांचे अंश एकमेकांपासून ८ च्या आत आहेत त्यांच्यातच योग होण्याची शक्यता असते. ही यादी वर्तुळासारखी फिरती समजा: २८ अंश आणि २ अंश यांच्यातलं अंतर ४ आहे. २६ नव्हे. शेवटच्या आणि पहिल्या अंशांतले ग्रह याच ठिकाणी नजरेतून सुटतात.

एक नमुना घेऊ. पत्रिका समजण्यासाठी मांडलेली आहे, अंश सायन (वसंतसंपातापासून मोजलेले) आहेत आणि सोयीसाठी पूर्णांकात:

रवि मिथुन ९ (६९), चंद्र कर्क २८ (११८), बुध वृषभ २२ (५२), शुक्र कर्क ९ (९९), मंगळ सिंह २२ (१४२), गुरू कर्क ८ (९८), शनी सिंह २५ (१४५), हर्षल वृश्चिक १३ (२२३), नेपच्यून धनु १७ (२५७), प्लुटो तूळ १४ (१९४).

राशीतले अंश क्रमाने लावले तर ८, ९, ९, १३, १४, १७, २२, २२, २५, २८. चंद्राच्या २८ पासून ८ अंशांच्या आत तीनच ग्रह येतात: शनी, मंगळ आणि बुध. आता त्यांची खरी अंतरं पाहा. चंद्र-शनी २७ अंश, म्हणजे द्विर्द्वादशाच्या (३० अंशांच्या) आसपास, आपल्या पाचांत नाही. चंद्र-मंगळ २४ अंश, तेही नाही. चंद्र-बुध ६६ अंश. लाभयोगाला ६ अंश जास्त, आपले दीप्तांश ४. म्हणजे हाही गेला. बाकी सहांची अंतरं रविपासून ४९, शुक्रापासून १९, गुरूपासून २०, हर्षलपासून १०५, नेपच्यूनपासून १३९, प्लुटोपासून ७६. एकही बसत नाही. कर्केत शुक्र आणि गुरू चंद्रासोबत आहेत, पण १९-२० अंशांवर अंशात्मक युती होत नाही. चंद्र योगविरहित आहे.

बाकीचे नऊही तपासले तर प्रत्येकाला किमान एक योग आहे: बुध-मंगळ अचूक ९० अंश, शुक्र-गुरू युती, मंगळ-शनी युती, रवि-प्लुटो नवपंचम, नेपच्यून-प्लुटो लाभयोग, गुरू-हर्षल नवपंचम. एकटा आहे तो चंद्रच.

जन्मवेळ किती सैल चालते?

हा प्रश्न खरा चंद्रापुरताच. चंद्र दिवसाला सरासरी १३ अंश १० कला चालतो, म्हणजे तासाला सुमारे ३३ कला (६० कला म्हणजे १ अंश). नमुन्यातल्या चंद्राला दोन्ही बाजूंना किती जागा आहे ते काढून ठेवा. मागे सरकत ११६ अंशांवर आला की बुधाशी लाभयोग लागतो. पुढे सरकत १२५ वर गेला की रविशी लाभयोग लागतो. मधल्या ९ अंशांत तो एकटाच. मागची बाजू २ अंशांची, म्हणजे सुमारे ३ तास ४० मिनिटं; पुढची ७ अंशांची, म्हणजे पावणेतेरा तास. जन्मवेळ अर्ध्या तासाने चुकली असली तरी काही बिघडत नाही. पण सकाळ-संध्याकाळची गल्लत झाली असेल आणि जन्म प्रत्यक्षात बारा तास आधीचा असेल, तर चंद्र कर्क २१ च्या पुढे येतो, बुधापासूनचं अंतर जवळजवळ अचूक ६० होतं आणि सगळं वाचन बदलतं.

ज्या पत्रिकेत ही मोकळी जागा एखाद्या अंशापेक्षा कमी आहे, तिथे जन्मवेळेची खात्री होईपर्यंत चंद्राला योगविरहित म्हणू नये. रवि, बुध, शुक्र, मंगळ यांना हा धोका कमी: दिवसाला फार तर दोन-सव्वादोन अंश चालणाऱ्या ग्रहाची तासाभरात सहा कलांपेक्षा जास्त हालचाल होत नाही. गुरूपासून पुढे तर हा प्रश्नच येत नाही.

मोजणीत कुठे फसगत होते

सगळ्यात जास्त फसवतात राशी ओलांडून होणारे योग. मेषेचा २९ वा अंश आणि कन्येचा २ रा अंश घ्या. राशींकडे पाहिलं तर षडाष्टक (एकमेकांपासून सहावी-आठवी रास), योग नाही असं वाटतं. अंश मोजले तर २९ आणि १५२, अंतर १२३, म्हणजे ३ अंशांच्या आतला नवपंचम. चक्रावर नुसती नजर टाकून योग ठरवणाऱ्याला हा दिसत नाही. असा योग राशींचा पाठिंबा नसल्यामुळे थोडा अवघडलेला असतो हे खरं, पण तो योग आहे आणि त्यामुळे ग्रह एकटा नाही.

बुध आणि शुक्र यांच्या बाबतीत खगोलाची मर्यादा लक्षात ठेवा. बुध रविपासून २८ अंशांपलीकडे जात नाही, शुक्र फार तर ४७-४८ अंशांपर्यंत. म्हणजे रविशी यांचा मुख्य योग एकच शक्य: युती. बुध-शुक्रांचा आपसात युती किंवा लाभयोग. बाकी ग्रहांना रविशी पाचही योग करता येतात, यांना नाही; साहजिकच यांना एकटं राहायला जास्त वाव आहे. बुध रविपासून ८ अंशांहून दूर असेल तर तो एकटा आहे का हे नेहमी तपासावं.

उलट टोकाला नेपच्यून आणि प्लुटो. १९५० ते १९८५ या काळात जन्मलेल्या बहुतेकांच्या पत्रिकेत या दोघांचा लाभयोग ४-५ अंशांच्या आत येतो. दीप्तांश ४ की ५ एवढ्यावर दोघांचं एकटेपण ठरत असेल तर तो निकाल व्यक्तीबद्दल फार काही सांगत नाही. या दोघांसाठी आम्ही एक जादा नियम पाळतो: हर्षल, नेपच्यून, प्लुटो यांचे आपसातले योग पिढीचे समजायचे, आणि रवि ते शनी या सातांपैकी कुणाशीही योग नसेल तर तो ग्रह व्यक्तीच्या दृष्टीने एकटा समजायचा.

आणखी एक गोंधळ पद्धतींच्या सरमिसळीचा. भारतीय दृष्टी पूर्ण राशीवर पडते: प्रत्येक ग्रहाची सातवी, शिवाय मंगळाची चौथी-आठवी, गुरूची पाचवी-नववी, शनीची तिसरी-दहावी. तिथे अंशांचे दीप्तांश नसतात, त्यामुळे एका पद्धतीत एकटा असलेला ग्रह दुसरीत एकटा असेलच असं नाही. नमुन्यातला चंद्र निरयन (स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेला) करून पाहा. अयनांश, म्हणजे सायन-निरयनातला फरक, साडेतेवीस अंश धरले तर चंद्र कर्केत साडेचार अंशांवर येतो, पुष्य नक्षत्रात. मंगळही कर्केतच येतो. शनी सिंहेत, म्हणजे चंद्राच्या दुसऱ्या स्थानी; गुरू-शुक्र मिथुनेत, म्हणजे बाराव्या. चंद्राच्या दोन्ही बाजूंना ग्रह आहेत, हा दुरुधरा योग झाला. पारंपरिक पद्धतीत चंद्राच्या एकटेपणाचा जो योग आहे तो केमद्रुम, आणि त्यासाठी चंद्राच्या दुसऱ्या व बाराव्या स्थानी रवि, राहू, केतू सोडून एकही ग्रह नसावा लागतो. हा चंद्र त्याच्या अगदी उलट आहे. दोन्ही निष्कर्ष आपापल्या चौकटीत बरोबर आहेत. चूक होते ती योगविरहित चंद्र पाहून केमद्रुमाची फळं सांगण्यात. ग्रहांमधलं अंशांचं अंतर सायन-निरयनात सारखंच राहतं. बदलतात त्या राशी आणि त्यांच्यावर उभे असलेले निष्कर्ष.

वाचायला कुठून सुरुवात करायची

योग नाहीत म्हणजे ग्रह पत्रिकेपासून तुटला असं नाही. योगांशिवायचे धागे असतात आणि ते एकेक करून शोधायचे.

पहिला धागा राशीस्वामीचा. एकटा ग्रह ज्या राशीत आहे तिचा स्वामी कुठे आहे, कसा आहे, त्याचे योग कोणाशी आहेत? बहुतेक वेळा एकटा ग्रह आपल्या राशीस्वामीमार्फत बाकी पत्रिकेशी बोलतो. योगविरहित शुक्र मकरेत असेल आणि शनी दशमात दोन-तीन योगांनी बांधलेला असेल, तर शुक्राची आवड-निवड कामाच्या वाटेने बाहेर येते. अन्योन्ययोग (दोन ग्रह एकमेकांच्या राशीत) असेल तर धागा आणखी पक्का.

दुसरा धागा याच्या उलट: एकट्या ग्रहाच्या राशीत कोण बसलं आहे? नमुन्यात चंद्र स्वराशीत आहे, म्हणजे तो राशीस्वामीसाठी कुणावरही अवलंबून नाही. पण शुक्र आणि गुरू त्याच्या राशीत आहेत, ते त्याच्यावर अवलंबून आहेत. बाकीच्यांचं ऐकून न घेणारा चंद्र दोन शुभग्रहांना चालवतो आहे, हे या पत्रिकेतलं सर्वात महत्त्वाचं वाक्य. आता तूळ लग्न धरा. चंद्र दशमेश (दहाव्या भावाचा स्वामी) होऊन दशमात, आणि लग्नेश (लग्नराशीचा स्वामी) शुक्रही त्याच्याच घरात. अशा व्यक्तीचं काम, लोकांतलं नाव आणि स्वतःबद्दलची भावना ही तिन्ही त्या दिवशीच्या मनःस्थितीवर चालतात. लोकांना सांभाळण्याच्या कामात, जिथे भावना पूर्ण ताकदीने ओतायची असते, तिथे हा चंद्र असामान्य काम करतो. पण बुधाशी योग नसल्यामुळे ‘मला नेमकं काय वाटतंय’ हे शब्दांत सांगायला तिला वेळ लागतो, आणि शनीशी योग नसल्यामुळे कुठे थांबायचं हे आतून कळत नाही, बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं. मेष लग्न धरलं तर हाच चंद्र चतुर्थात जाईल आणि हे सगळं घराच्या चार भिंतींत चालेल. बाहेरच्यांना पत्ताही लागणार नाही.

तिसरं, भावेश म्हणून त्याच्याकडे कोणतं खातं आहे. एकटा ग्रह सप्तमेश असेल तर जोडीदाराचा विषय आयुष्याच्या बाकी विषयांपासून वेगळा पडतो: नोकरी, मित्र, छंद एकीकडे आणि लग्न दुसरीकडे. धनेश असेल तर पैशाचे निर्णय असेच अलग घेतले जातात.

यानंतरच गौण योग उघडायचे, आणि २ अंशांच्या आतलेच. नमुन्यात चंद्र-रवि ४९ अंश, अर्धकेंद्राला (४५) ४ जास्त; नाही. नेपच्यूनपासून १३९, तेही १३५ ला ४ जास्त, नाही. चंद्र-शनी द्विर्द्वादशाला ३ कमी, नाही. मग मध्यबिंदू. हर्षल २२३ आणि प्लुटो १९४ यांचा मध्य २०८½, म्हणजे तूळ २८½. चंद्रापासून ९०½ अंश. अर्ध्या अंशाच्या आतला हा संबंध घेण्यासारखा आहे: मन बराच काळ शांत आणि मग एकाएकी मुळापासून बदलणारं. शेवटी क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर, पाहा. दोन ग्रहांची क्रांती एकाच दिशेला १ अंशाच्या आत सारखी असेल तर तो संबंध युतीसारखा वाचतात. नमुन्यातल्या रविची क्रांती सुमारे २१ अंश ४८ कला उत्तर. चंद्राची मात्र नुसत्या राशी-अंशांवरून काढता येत नाही, कारण त्याला ५ अंशांपर्यंत शर (सूर्यमार्गापासूनचं अंतर) असतो. ती पंचांगातून किंवा एफेमेरिसमधूनच घ्यावी.

हे धागे सापडले म्हणून ग्रहाचं योगविरहितपण रद्द होत नाही. ग्रह कोणत्या दाराने बाहेर येतो तेवढं यातून कळतं.

स्वभाव: चालू किंवा बंद

योगविरहित ग्रह दिव्याच्या बटणासारखा वागतो, मंद-प्रखर असं काही नाही. महिनोनमहिने त्या ग्रहाचा विषय आयुष्यात नसतोच. मग तो येतो तो पूर्ण ताकदीने. जातकाला, म्हणजे ज्याची पत्रिका आहे त्याला, विचारायचा प्रश्न यावरूनच ठरतो. ‘तुम्ही रागीट आहात का?’ असं विचारलं तर एकटा मंगळ असलेला माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. ‘शेवटचा राग केव्हा आला आणि तो कसा संपला?’ असं विचारा. उत्तरात दोन गोष्टी शोधा: मधला काळ अगदी कोरा होता का, आणि राग आल्यावर तो मध्येच थांबवता आला का.

मंगळ एकटा असेल तर कृती आणि कारण यांचा संबंध सुटतो. कामाचा झपाटा प्रचंड, पण तो कधी चढेल याचा नेम नाही. खेळ, शस्त्रक्रिया, यंत्रकाम अशा ठिकाणी, जिथे इतर विचार बाजूला सारावे लागतात, हा मंगळ फार उपयोगी. गडबड होते ती दुसऱ्याच्या गतीने चालायची वेळ आली की. स्थिर राशीत (वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ) बंद राहण्याचा काळ लांबतो, चर राशीत (मेष, कर्क, तूळ, मकर) बटण वरचेवर खाली-वर होतं.

बुध एकटा म्हणजे बुद्धी कमी, असा अर्थ कधीही काढू नये. बुद्धी स्वतंत्र चालते, एवढाच अर्थ. गणित, भाषा, प्रोग्रॅमिंग, संपादन यांत ती चमकते, कारण भावना आणि अहंकार तिच्या वाटेत येत नाहीत. अडचण उलट्या दिशेने येते: डोक्याला पटलेलं हातून होत नाही. माणूस आपल्याच समस्येचं अचूक विश्लेषण करतो आणि तसाच वागत राहतो. अशा जातकाला सल्ला देताना कारणं समजावण्यात वेळ घालवू नये, ती त्याला आधीच माहीत असतात. लहानशी कृती नेमून द्यावी.

रवि एकटा असेल तर आपला इतरांवर काय परिणाम होतो हे माणसाला कळत नाही. कौतुक झालं तरी ते आपलंच आहे असं वाटत नाही. पुष्कळदा वडिलांशी संबंध दूरचा, किंवा वडील आपल्याच जगात राहणारे असं चित्र दिसतं. पण ते सांगण्याआधी नवम-दशम भाव आणि शनी यांची साक्ष घ्या. नुसत्या एकट्या रविवरून वडिलांबद्दल बोलणं बेजबाबदारपणाचं आहे.

शनीचं वाचन सर्वात जास्त चुकतं. एकट्या शनीमुळे शिस्त नसते असं सरसकट सांगितलं जातं. प्रत्यक्षात शिस्त एकाच कप्प्यात साठते. शनी ज्या भावात आहे तिथे कमालीची कडक, बाकी आयुष्यात वेळापत्रकाचा पत्ता नाही. षष्ठातला एकटा शनी कामाच्या ठिकाणी मिनिटाची चूक सहन करत नाही आणि घरची बिलं मुदतीनंतर भरतो.

शुक्र एकटा असेल तर आवड ठाम आणि स्वतःची असते, पण प्रेम व्यवहाराशी जुळत नाही. कलेला हे मानवतं, संसाराला कमी. गुरू एकटा असेल तर श्रद्धा पक्की, तिची परीक्षा घेणारं आत कुणी नाही. औदार्य आणि अतिविश्वास दोन्ही एकाच जागी. हर्षल, नेपच्यून, प्लुटो यांना भावापुरतं वाचा आणि पुढे जा. त्यातल्या एखाद्याने लग्न किंवा दशमबिंदू धरला असेल तरच थांबावं, कारण मग तो पिढीचा ग्रह व्यक्तीच्या अंगात उतरतो.

दोघंच एकटे असतील तर

कधी दोन ग्रह आपसात योग करतात आणि बाकी कुणाशीच नाही. मोजणीत हे योगविरहित ठरत नाहीत, पण वागणं तसंच असतं. अशी जोडी शोधायची तर प्रत्येक ग्रहापुढे त्याच्या योगांची संख्या लिहा. एकच योग असलेले दोन ग्रह एकमेकांकडेच बोट दाखवत असतील तर ती सुटी जोडी. त्यांचा आपसातला योग कोणता, यावर सगळं अवलंबून. नवपंचमातली जोडी सुखाने आपल्यातच रमते आणि वापरलीच जात नाही. केंद्र किंवा प्रतियोगातली जोडी आपसात भांडत राहते आणि सोडवायला तिसरा कुणी नसतो. ताण तोच, तसाच वर्षानुवर्षं.

ग्रह जागा होण्याचा काळ

इथे दोन साधनं लागतात. पहिलं, जन्मानंतरचा एक दिवस म्हणजे आयुष्याचं एक वर्ष धरून ग्रह पुढे नेण्याची पद्धत. नमुन्यातला शुक्र त्या राशीत रोज सुमारे १ अंश १२ कला चालतो असं धरलं तर ९९ वरून ११८ वर यायला त्याला १६ दिवस लागतात: वयाच्या सोळाच्या सुमारास एकट्या चंद्राला पहिल्यांदा शुक्राची जोड मिळते. रवि ६९ वरून ११८ वर एक्कावन्नाव्या वर्षाच्या आसपास येतो. ही दोन्ही वर्षं आणि त्यांच्या मागचं-पुढचं एकेक वर्ष जातकाला विचारून पाहा. चंद्र खरंच एकटा असेल तर त्या काळात मनाची घडण बदलल्याची आठवण ठळक असते. ती अगदीच नसेल तर परत जन्मवेळेकडे वळा.

दुसरं साधन गोचर, म्हणजे आकाशातल्या ग्रहांचं त्या-त्या वेळचं भ्रमण, १ अंश दीप्तांशाने. गोचर शनी कोणत्याही बिंदूशी युती, केंद्र, प्रतियोग, पुन्हा केंद्र असे चार टप्पे साडेएकोणतीस वर्षांत घेतो, म्हणजे दर सात-साडेसात वर्षांनी एक. एरवी शनीच्या शिस्तीची ओळख नसलेल्या ग्रहाला हे टप्पे जड जातात आणि उपयोगीही पडतात. गोचर गुरूची युती दर बारा वर्षांनी. हर्षलचा टप्पा आला की बंद पडलेला ग्रह एकदम सुरू होतो, त्यामुळे त्या वर्षी मोठे निर्णय घाईने न घेण्याचा सल्ला द्यावा. वक्रगतीमुळे मंदगती ग्रह तोच अंश बहुतेकदा तीन वेळा ओलांडतो. पहिल्या वेळी विषय समोर येतो, तिसऱ्या वेळी निकाल लागतो, म्हणून तिन्ही तारखा काढून द्या.

शेवटी जवळच्या माणसांच्या पत्रिका. जोडीदाराचा, भागीदाराचा किंवा वरिष्ठाचा कोणता ग्रह या एकट्या ग्रहाशी २-३ अंशांत युती किंवा प्रतियोग करतो ते पाहा. ज्या माणसाच्या सहवासात तो ग्रह सतत चालू राहतो, तो माणूस हाच असतो. नमुन्यातल्या चंद्रासाठी कर्क किंवा मकर २६ ते ३० अंशांत रवि, बुध किंवा शनी असलेली व्यक्ती शोधावी. बुध असेल तर त्या व्यक्तीजवळ मनातलं बोलता येतं, शनी असेल तर मन शांत राहतं पण दडपणही जाणवतं. एकट्या ग्रहाच्या बाबतीत असा संबंध सहसा जपला जातो, आणि तुटला तर माणूस फार खचतो. म्हणून पत्रिका जुळवताना एकटा ग्रह दोघांपैकी कुणाचा आहे आणि त्याला समोरून कोण भेटतं, हे आधी तपासून मगच बाकीचं गुणमेलन पाहावं.